गुडघ्यापर्यंत मोजे, डोक्यावर धनेश

खाओ याईच्या जंगलात पायवाटेला लागण्यापूर्वी गाइड प्रत्येकाच्या हातात कापडी मोज्यांची एकेक जोडी ठेवतो. मोजे गुडघ्यापर्यंत येतात, वर नाडी असते आणि ते पँटवरून चढवायचे असतात. बँकॉकच्या मॉलमधून खास जंगलासाठी खाकी खरेदी करून आलेला पर्यटक मिनिटभरात शाळेच्या संचलनातल्या बँडवाल्यासारखा दिसू लागतो. या अवतारात फोटो काढावा की नाही, यावर मंडळींत दोन तट पडतात. गाइड हसत नाही. मोजे जळवांसाठी आहेत, एवढेच तो सांगतो.

जळू ओल्या पाचोळ्यात बसून वाट पाहते. पावलांची थरथर, अंगाची ऊब आणि उच्छ्वास एवढ्या खुणा तिला पुरतात. चावल्याचे कळत नाही, आणि रक्त गोठू न देणारे द्रव्य ती जखमेत सोडत असल्याने ती पोटभर जेवून निघून गेली तरी पाहुण्याचे रक्त वाहतच राहते. खरी गंमत हंगामाची आहे. धबधबे भरून वाहतात पावसाळ्यात आणि जळवाही फोफावतात पावसाळ्यात. कोरड्या उन्हाळ्यात गेले तर जळवा नाहीत, पण मग धबधब्याच्या जागी ओला कातळ पाहून परतावे लागते. सहलीच्या माहितीपत्रकात धबधब्याचा फोटो ऑगस्टमधला असतो आणि जळवांचा उल्लेख नसतो.

बँकॉकच्या ईशान्येला अडीच-तीन तासांवर असलेले खाओ याई हे थायलंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान. १९६२ साली ते जाहीर झाले. दोन हजार चौरस किलोमीटरांहून मोठे, चार प्रांतांत पसरलेले. २००५ मध्ये शेजारच्या जंगलांसह युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीतही गेले. उद्यान होण्यापूर्वी या डोंगरमाथ्यावर एक वस्ती होती, आणि कायद्याचा हात तिथवर पोहोचत नसल्याने ती फरारी मंडळींच्या फार सोयीची झाली. पुढे डाकू गेले, उद्यान आले आणि उद्यानात चक्क गोल्फचे मैदान आले. गोल्फ खेळता खेळता हत्ती पाहण्याची ही कल्पना कोणाला तरी फार मोहक वाटली असणार. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते मैदान बंद झाले.

तिकिटाच्या खिडकीशी व्हॅनमधल्या भारतीयांना पहिला वन्य अनुभव येतो. थाई माणसाला चाळीस बाथ, परदेशी प्रौढाला चारशे. ताजमहालाच्या रांगेत परदेशी पाहुण्यांकडे आपण आजवर सहानुभूतीने पाहत आलो, ती सहानुभूती इथे व्याजासकट परत मिळते. व्हॅनमध्ये मराठी कुटुंब असले तर बाथचे रुपये करण्याचे काम काकांकडे असते. “अहो, आता आलोच आहोत ना!” असे म्हणून काकू तो हिशेब मध्येच मिटवतात.

प्रवेशद्वाराच्या बाजूला ‘चाओ फो खाओ याई’चे ठाणे आहे. डाकूंचा बंदोबस्त करणारा एक सरकारी अधिकारी मरणानंतर या डोंगराचा रक्षक झाला, अशी श्रद्धा. फुलांच्या माळा आहेत, उदबत्त्या आहेत. कोकणातल्या माणसाला इथे काही समजावून सांगावे लागत नाही. राखणदार कोणत्याही देशातला असो, त्याच्या हद्दीत शिरताना वर्दी द्यायची असते, हे त्याला पाठ असते. थायलंडमध्ये अशा ठाण्यासमोरून जाताना ड्रायव्हर हॉर्न वाजवून नमस्कार करतात. पुढे उद्यानात मात्र हॉर्नला बंदी, कारण तिथे ऐकणारा हत्ती असू शकतो.

आत शिरल्यावर रस्त्याच्या कडेला आखूड शेपटीची माकडे बसलेली असतात. गाड्यांची त्यांना ओळख आहे, पिशव्यांची त्याहून जास्त. त्यांना खायला घालायला मनाई आहे आणि गाइड हा नियम दोनदा सांगतो. दुसऱ्यांदा सांगताना त्याची नजर चिवड्याच्या पिशवीवर असते.

गाइडची खरी कमाल कानांत आहे. इतरांना ज्या हिरव्या भिंतीतून फक्त किरकिऱ्यांचा कर्कश सूर ऐकू येतो, तिथे त्याला गिबनचे घर सापडते. खाओ याईत गिबनच्या दोन जाती आहेत, पांढऱ्या हातांचा आणि टोपीवाला. सकाळी नर-मादी जोडीने गातात. मादीचा सूर चढत चढत टिपेला जातो आणि शेवटी नर आपले दोन शब्द जोडतो. हे गाणे म्हणजे शेजाऱ्यांना दिलेली सूचना असते, की ही झाडे आमची आहेत. गिबन माकड नव्हे, त्याला शेपूट नसते, असे गाइड सांगतो. ते तपासायला सगळे माना वर करतात आणि पुढची दहा मिनिटे कोणाच्या माना खाली येत नाहीत. दुर्बिणीत गिबन सापडला की प्रत्येक जण डोळा लावण्याऐवजी मोबाइल लावतो. त्यामुळे गिबन सगळ्यांच्या फोनमध्ये असतो, पाहिलेला एखाद्यानेच.

मग डोक्यावरून मोठमोठ्या पंखांचा आवाज येतो आणि गाइड कुजबुजतो, “हॉर्नबिल!” इथे धनेशाच्या चार जाती आहेत, आणि १९७८ पासून पिलाई पूनस्वाद या संशोधक बाईंनी त्यांच्या अभ्यासात आयुष्य घातले. मादी ढोलीत बसून दार लिंपून घेते आणि एका फटीतून नर तिला महिनोन्‌महिने फळे पुरवतो. ही माहिती कळताच व्हॅनमधल्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे पाहतात. एवढे पैसे खर्चून, समुद्र ओलांडून पाहिलेला यांतला महाधनेश सिंधुदुर्गातही राहतो, ही गोष्ट काकांना परतल्यावर कोणीतरी सांगेलच. त्या वेळी ते “तिथला वेगळा असतो” म्हणतील. नसतो.

ताडोबा करून आलेला माणूस सोबत असला की एक प्रश्न ठरलेला, “वाघ?” खाओ याईत गेली कित्येक वर्षे वाघाचा मागमूस नाही. याच जंगलपट्ट्याच्या पूर्व भागात मात्र वाघीण आणि बछड्यांची कॅमेऱ्याने टिपलेली छायाचित्रे २०१७ मध्ये जाहीर झाली, म्हणजे शेजारी नांदतो आहे. वाघ नाही म्हटल्यावर प्रश्नकर्त्याचा सहलीतला रस निम्म्यावर येतो. वास्तविक वाघ नसलेल्या जंगलाचा हा मोठाच फायदा म्हटला पाहिजे. जीप शर्यतीला लागत नाहीत, आणि लोक नाइलाजाने का होईना पक्षी, सरडे, अस्वलाच्या नखांनी ओरबाडलेली खोडे पाहतात.

जेवण फ्राइड राइसचे. शाकाहारी म्हणजे मांस नाही, अंडे नाही आणि माशांच्या सॉसचा थेंबही नाही, हे समजावण्यात अर्धा तास जातो.

दुपारी हेओ सुवात धबधबा. उंची वीसेक मीटर, पण मान मोठा. लिओनार्दो डिकॅप्रिओच्या २००० सालच्या ‘द बीच’मध्ये धबधब्यावरून उडी मारायचा प्रसंग इथे चित्रित झाला. पर्यटक येतात ती उडी मनात धरून आणि समोर पाटी दिसते, पोहायला मनाई. पाटीवर नाराज होणाऱ्यांसाठी गाइडकडे आणखी एक गोष्ट असते. या उद्यानात मगरी आहेत. २०१७ च्या पहिल्याच दिवशी एक फ्रेंच पर्यटक बाई मगरीसोबत सेल्फी घ्यायला गेल्या आणि मगरीने त्यांचा पाय धरला. बाई वाचल्या. गोष्ट संपेपर्यंत घोळका काठापासून चार पावले मागे सरकलेला असतो.

हेओ नारोक धबधबा ही वेगळीच जागा. तीन टप्प्यांत मिळून सुमारे दीडशे मीटर पाणी कोसळते आणि ते पाहायला उभ्या जिन्याने खाली उतरावे लागते. वाटेत जाडजूड खांब रोवलेले दिसतात. दोन खांबांमधून माणूस जातो, हत्ती जात नाही. हा बंदोबस्त हत्तींच्या जिवासाठी आहे. १९९२ मध्ये इथे आठ हत्ती कड्यावरून पडून मेले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये पुन्हा तसेच झाले. आधी सहा मृतदेह दिसले, मग ड्रोनने शोध घेतल्यावर आणखी पाच. घसरलेल्या पिलाला वाचवायला बाकीचे गेले असावेत, असा पहिला अंदाज होता. या जिन्यावर व्हॅनमधली थट्टा आपोआप थांबते.

परतीच्या रस्त्यावर, ऊन कलले की, हत्ती डांबरावर येतात. अशा वेळी काय करायचे याचे नियम ठरलेले आहेत. तीस मीटर अंतर ठेवायचे, हॉर्न नाही, फ्लॅश नाही, इंजिन बंद करायचे नाही आणि हत्ती पुढे आला तर गाडी हळूहळू मागे घ्यायची. एरवी एक्स्प्रेस वेवर इंचभरही मागे न हटणारे काका इथे ड्रायव्हरला सारखे “बॅक, बॅक” सांगत असतात. एका हत्तीमागे दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबतात आणि दिवसाचे वेळापत्रक त्याच्या चालीवर ठरते. उद्यानाबाहेरच्या गुहेतून संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या लाखो वटवाघळांचा थवा त्यामुळे कधी कधी हुकतो. वटवाघळे कोणासाठी थांबत नाहीत.

बाहेर पडण्यापूर्वी गाइड व्हॅनमध्ये पिशवी फिरवतो. मोजे परत करायचे आणि कचराही त्यातच. रिकाम्या बाटल्या, वेष्टने, सगळे. आळस करणाऱ्याला तो २०२० ची हकिगत ऐकवतो. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये तंबूत राहून कचरा तसाच टाकून गेलेल्या पर्यटकांचे पत्ते उद्यानाने नोंदवहीतून काढले, त्यांचाच कचरा खोक्यात भरला आणि आपल्या वस्तू इथे राहिल्या होत्या अशा चिठ्ठीसह टपालाने घरी धाडला. पर्यावरणमंत्र्यांनी त्या खोक्याचे फोटोही जाहीर केले.

हे ऐकून काकू सीटखाली वाकतात आणि चिवड्याची रिकामी पिशवी शोधून काढतात. तिच्यावर दुकानाचा पत्ता आहे, सदाशिव पेठ, पुणे ३०.