तंगूसमामा

गळ टाकून बसलेल्या माणसाला मासे हवे असतात, अशी ज्याची समजूत असेल त्यानं उन्हाळ्यातल्या एखाद्या रविवारी कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर चक्कर मारावी. बरगे घातल्यामुळं पंचगंगेचं पाणी तटलेलं असतं. कणकेच्या गोळ्या लावून चिलापीची वाट बघणारी पोरं असतात, गांडुळाचा डबा मांडीशी घेऊन वाम धरायच्या आशेनं बसलेले म्हातारे असतात, आणि ह्या सगळ्यांच्या मागून, हात पाठीशी बांधून एक जण फिरत असतो. त्याच्याकडं तीन रॉड, पाच रिळं आणि तंगूसानं भरलेली एक जुनी सुटकेस असते. नदीकडं त्याचं फारसं लक्ष नसतं. तो दुसऱ्यांच्या दोऱ्या तपासत असतो.

असा एक नमुना रंकाळ्यावर सापडतो, कळंब्यावर सापडतो. बंधाऱ्यावरच्याला सगळे मामा म्हणतात. मामा इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते. आयुष्यभर तुटलेलं सूत जोडलं, त्यामुळं निवृत्तीनंतर काहीतरी न तुटणारं हातात असावं असं त्यांना वाटलं असणार. मासा मिळाला का, असं ते कुणाला विचारत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न, "किती एमेमचं?"

इथं नवशिक्या पोरगा हमखास फसतो. तो अभिमानानं सांगतो, "पंधरा किलोचं हाय मामा. पॉइंट तीस."

"पॉइंट तीसला पंधरा किलो? मग हिला म्हैस बांध जा! साधं नायलॉन हाय मर्दा, सहा-सात किलोच्या वर जात न्हाई. छापणाऱ्याचं काय जातंय?"

पुढचा अर्धा तास पोराचा गळ कोरडा राहतो. नायलॉन चांगलं, कारण ते पाचव्या हिश्शापर्यंत ताणतं आणि कटल्यानं धडक मारली तर धक्का पचवतं. पण उन्हात ते मरतं, आणि रिळावर बसल्या बसल्या वेटोळ्यांची सवय लावून घेतं. फ्लोरोकार्बन जड, लवकर बुडतं, आणि प्रकाश वाकवण्याच्या बाबतीत पाण्याच्या जवळचं, म्हणजे पाण्याचा आकडा १.३३ तर ह्याचा १.४२, म्हणून ते माशाला कमी दिसतं. एका इंजिनिअर पोरानं हे आकडे मामांना ऐकवले होते. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंचगंगेत मनगटापर्यंत हात घातला तर बोटं दिसत न्हाईत. तू दोरी कुणापासनं लपवालायस?"

ब्रेड मात्र त्यांना मान्य आहे. पॉलिथिलिनच्या बारीक तंतूंची ही वेणी नायलॉनच्या मानानं फार बारीक, जवळजवळ न ताणणारी आणि पाण्यावर तरंगणारी. केंदाळात दडलेली मरळ ओढून काढायची तर हीच हवी. ती आणली त्या दिवशी घरात थोडा घोळ झाला. मामींनी बिल वाचलं आणि विचारलं, "चौदाशे रुपयांचा ब्रेड? आणि मासं काय खारी मागत्यात?" मामांनी त्यांना समजावून सांगितलं की ब्रेड थेट रिळावर बांधत नसतात, ती आख्खीच्या आख्खी चाकावर घसरते, म्हणून खाली थोडं नायलॉन भरून घ्यावं लागतं. मामींचं समाधान झालं नाही. उलट बिलात नायलॉनही आहे, हे त्यांच्या लक्षात आलं.

पण हे सगळं प्रास्ताविक. मामांचा खरा विषय पीळ. दोरीला पीळ पडला की ती ढिली होताच अंगावर येते, गुंडाळी होते, आणि पुढच्या फेकीला रिळातून दोरीऐवजी घरटं बाहेर पडतं. ह्याला जबाबदार कोण हे मामांनी नक्की केलेलं आहे. होल्डन इलिंगवर्थ! इंग्लंडमधल्या कापडधंद्यातल्या ह्या गृहस्थानं १९०५ साली स्थिर चाकाच्या रिळाचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या बहुतेक रिळांत चाक स्वतः फिरायचं आणि दोरी सरळ यायची-जायची. इलिंगवर्थनं चाक जागच्या जागी ठेवलं. फेकताना दोरी चाकाच्या तोंडावरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटते, ओढताना तारेची कडी चाकाभोवती फिरून ती गुंडाळते. गिरणीतल्या बॉबिनवरून त्याला हे सुचलं, असं सांगतात.

"सांगत्यात म्हंजे?" मामा उसळतात. "धोट्यातली कांडी कुठं फिरती? सूत टोकाकडनंच सुटतंय की! विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत माग आणला १९०४ ला. ह्यो बाबा १९०५ ला जागा झाला." ह्यापुढं युक्तिवाद करायची सोय नसते. मध्ये एक वर्ष आहे, आणि ते मामांच्या बाजूचं आहे.

टोकाकडून सुटणाऱ्या दोरीला दर वेढ्याला एक पीळ बसतो किंवा निघतो. हिशेब जुळला तर बिघडत नाही. पण तो बहुधा पहिल्याच दिवशी, नवी दोरी भरतानाच चुकतो. लोक स्पूलमध्ये पेन्सिल घालतात, कुणाला तरी धरायला लावतात आणि गरागरा फिरवतात. चाकच फिरणाऱ्या रिळाला हे ठीक. स्थिर चाकाच्या रिळाला अशानं वेढ्यागणिक पीळ चढतो. त्यासाठी स्पूल जमिनीवर आडवा, लेबल वर करून ठेवायचा, दोरी ओल्या फडक्यात चिमटीत धरायची, दहा-पंधरा वेढे झाले की थांबून ढील द्यायची. गुंडाळी झाली तर स्पूल उलटा. एवढंच. पण मामांच्या घरी हा कार्यक्रम असतो तेव्हा भाच्याला क्लास बुडवून ओलं फडकं धरावं लागतं, आणि पंखा बंद असतो.

चाक किती भरायचं ह्याचं गणित बंधाऱ्यावरच्या माणसाला लगेच कळतं. "इथं इशारा पातळी किती? एकोणचाळीस फूट. धोका? त्रेचाळीस. तसं चाकाच्या काठाला तीन मिलिमीटर राहिलं की थांब. त्याच्या वर गेलास की पूर!"

दोरी बिनपिळाची भरली तरी माणसं नंतर ती बिघडवतात, हे मामांचं मोठं दुःख. फिरता स्पिनर लावतात आणि वर पितळेची स्वस्त भिंगरी, जी ताण आला की फिरायचीच थांबते. सगळ्यात वाईट म्हणजे मासा लागतो. मागं एका पोराला मोठा कटला लागला. मासा दोरी ओढत चाललेला, ड्रॅग किरकिरतोय, आणि पोरगा घाबरून हँडल फिरवतच सुटला. सगळा बंधारा "सोडू नको, सोडू नको" ओरडत होता. एकटे मामा ओरडत होते, "हँडल सोड! आरं हँडल सोड की रं! दोरी आत येईना, नुसता पीळ चढालाय! एका फेऱ्याला पाच!" हिशेब अगदी बरोबर होता. बऱ्याच रिळांत हँडलच्या एका फेऱ्याला कडी पाच वेळा फिरते, आणि मासा दोरी नेत असताना ते पाचही फेरे पीळ होऊन बसतात. मासा नेतोय तोवर नेऊ द्यायचा, मग रॉड वर उचलायचा आणि खाली आणताना गुंडाळायचं. पोरगा हे ऐकायला मान वळवून उभा राहिला आणि कटला गेला. मामांनी कटल्याची विचारपूस केली नाही. त्यांनी दोरी हातात घेतली, ढील देऊन बघितली आणि म्हणाले, "बघ. वाटोळं."

बंधाऱ्यावर येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी एकदा त्यांना खूश करायला सांगितलं की हा नाद हलका नव्हे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या तिसऱ्या सोमेश्वरानं 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ रचला, त्यात मत्स्यविनोद म्हणून गळानं मासे धरण्यावर वेगळं प्रकरण आहे, आणि आपले कोल्हापूरचे शिलाहार त्याच चालुक्यांचे मांडलिक. मामांनी विचारलं, "त्यात पीळ काढायचं दिलंय काय?" गुरुजींना आठवेना. मामांचा सोमेश्वरावरचा विश्वास तिथंच संपला.

पीळ काढायचा उपाय मामांकडं आहेच. जूनमध्ये बरगे निघाले, पाणी वाहतं झालं, की ते रॉड घेऊन येतात. गळ काढलेला, शिसं काढलेलं, भिंगरी काढलेली. नुसती दोरी धारेला सोडायची, पन्नास-साठ मीटर, थोडा वेळ पाण्यात राहू द्यायची. मोकळ्या टोकाकडून ती आपली आपण उलगडते. मग चिमटीत धरून सावकाश गुंडाळायची. मामा असे तासन्‌तास उभे असतात, आणि त्या वेळी त्यांचा चेहरा जितका प्रसन्न असतो तितका एरवी कधी नसतो. गळच नाही, म्हटल्यावर मासा लागायचीही भीती नाही.

मागच्या पावसाळ्यात पाणी बघायला आलेला एक जण त्यांच्याशेजारी थांबला. "काय लागालंय काय मामा?"

"लागायला गळ कुठं हाय?"

"मग करालायसा काय?"

"पीळ काढालोय."

"कुणाचा?"

मामांनी त्याच्याकडं आपादमस्तक बघितलं, खिशातून ओलं फडकं काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "हे धर. चिमटीत. आणि मी सांगस्तवर सोडायचं न्हाई."