उन्हाळी विद्वत्ता, रोखीने

अमेरिकेत अकरावीतल्या मुलापुढे उन्हाळ्यात दोन वाटा असतात: इंटर्नशिप नाहीतर ‘संशोधन’. कॉलेजच्या अर्जात संशोधन अधिक भारदस्त दिसतं, म्हणून त्याचा बाजारही तेजीत असतो. १९८४ साली सुरू झालेला, एमआयटीत भरणारा रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट हा उपक्रम शिकवणीचे पैसे घेत नाही. पण तिथे जागा जेमतेम शंभर. उरलेल्यांची ज्ञानतृष्णा भागवायला हजारो डॉलर घेणाऱ्या कंपन्या तत्पर आहेत. शोधनिबंध छापून येण्यापर्यंतची त्यांची सेवा प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये चव्हाट्यावर आणली.

कुणी म्हणेल, फी घेतली म्हणून शिक्षण खोटं ठरत नाही. कबूल, मग त्याला सरळ क्लास म्हणावं. इंटर्नशिप तरी कुठे गुणांवर मिळते, बाबांच्या ओळखीनेच ना? तेही खरं. पण ओळखीच्या ऑफिसातही बेरीज चुकली की कुणीतरी झापतं. पैसे भरणाऱ्या संशोधकाचं गृहीतक मात्र सहसा चुकत नाही. गिऱ्हाईक नाराज होऊन कसं चालेल? तेव्हा जिथे आपल्याला चूक ठरवण्यात कुणाचं नुकसान नाही, ती जागा निवडावी. अर्जात ती थोडी फिकी दिसेल, एवढंच.