पारावरचा चहा कोणत्या खात्यात?

कुर्डुवाडीत वाढलेल्या माणसाला वाट पाहण्याचा कंटाळा येत नाही; आला तरी तो तसं कबूल करत नाही. आमचं गावच मुळी दोन गाड्यांच्या मधल्या वेळेवर पोसलेलं. मुंबई-सोलापूर मार्गावरून आलेला माणूस इथं उतरायचा आणि बार्शी-लातूरकडे किंवा पंढरपूर-मिरजेकडे जाणाऱ्या छोट्या गाडीची वाट बघत फलाटावर पथारी टाकायचा. त्या वेळात त्याला भूक लागे, तहान लागे, बोलायला कुणीतरी लागे, आणि या तिन्ही गरजा भागवता भागवता आमच्याकडे हॉटेलं निघाली, लॉज निघाले, आणि माझ्या माहितीत तरी दोन-चार सोयरिकी जमल्या. पुढे केव्हातरी वाचनात आलं, की टोयोटा कारखान्यातल्या ताइइची ओनो या गृहस्थांनी उधळपट्टीचे सात प्रकार सांगितले आहेत आणि वाट पाहणं हा त्यांतला एक आहे. ते वाचून गावाबद्दल एकदम वाईट वाटलं. सातांतल्या एका दोषावर इतकी घरं पिढ्यान्‌पिढ्या चालली, पोरं शिकली, लेकी उजवल्या, आणि कुणाला त्याची साधी शरमसुद्धा वाटली नव्हती.

गंमत अशी, की या वाट पाहणाऱ्या गावाला जंक्शन करणारा माणूस हाडाचा काटकसरी होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरच्या बार्शी लाइट रेल्वेची कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी गाडी 1897 साली धावू लागली. त्याचं सगळं तत्त्वज्ञान आसावर पडणाऱ्या भारात होतं. इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त वजन येऊ द्यायचं नाही, आणि ते सगळ्या आसांवर सारखं वाटून द्यायचं. म्हणजे रूळ हलके चालतात आणि डबा मात्र पोटभर माल वाहतो. याच माणसानं पुढे पॅराशूट बनवलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘गार्डियन एंजल’. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स 1910 साली विमान कोसळून गेला होता, ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना मात्र ते सरसकट दिलं गेलं नाही. कुणीतरी वजनाचा, जागेचा हिशेब मांडला असणार, आणि तो कागदावर बिनचूकही आला असणार. जन्मभर काटकसर पूजलेल्या माणसाला दुसऱ्या कुणाच्या काटकसरीनं असं अडवावं, याचं मला अधूनमधून हसू येतं आणि लगेच येईनासं होतं.

कॅलथ्रॉपच्या त्या गाडीनं कापूस नेला, वारकरी नेले आणि दवाखान्याला निघालेली माणसंही नेली. आता रूळ रुंद झाले आहेत, पण बार्शी अजून आमच्या बाजूचं दवाखान्यांचं गाव आहे. दवाखान्याचा प्रवासी ओळखायला फार हुशारी लागत नाही. त्याच्या मांडीवर पिशवी असते. ही पिशवी नेहमी कापडदुकानाची असते, कारण एक्स-रे मावेल एवढी मोठी आणि इतक्या वर्षांत फाटणार नाही एवढी दणकट पिशवी दुसरं कुणी देत नाही. माझ्या परांड्याच्या आत्याची पिशवी तर तिच्या धाकट्या लेकीच्या लग्नाच्या बस्त्यातली आहे. वरचं ‘शुभविवाह’ आता ‘भविवा’ एवढंच उरलंय. आत रक्ताचे अहवाल, सोनोग्राफी, ईसीजीची गुंडाळी, पाच-सहा गावांचे केसपेपर, रिकामी गोळ्यांची पाकिटं (नाव लक्षात राहत नाही म्हणून पाकीटच जपलेलं) आणि एका कोपऱ्यात तुळजापूरच्या कुंकवाची पुडी. वैद्यकीय नोंदींचं इतकं परिपूर्ण दप्तर मी कुठल्याही कचेरीत पाहिलेलं नाही. फक्त त्याला क्रम नाही. आत्याच्या मते क्रम लावणं हे डॉक्टरचं काम आहे; त्यासाठी तर तो शिकला.

एका मोठ्या रुग्णालयात मी तिच्यासोबत गेलो होतो. सकाळी नंबर लावला, दुपारी आत गेलो. तिनं मोठ्या मानानं पिशवी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उघडली नाही. लिहिता लिहिता म्हणाले, “हे सगळं जुनं आहे मावशी, नवीन करून आणा.”

“जुनं म्हंजे? शिळं झालं व्हय?”

डॉक्टर हसले, पण चिठ्ठी लिहिली ती लिहिलीच. खरं तर त्यांचाही दोष काढवत नाही. बाहेर बाकांवर माणसं होती, दारात माणसं होती, खिडकीतून माणसं डोकावत होती. त्यांच्या वाट्याला प्रत्येकामागे मिनिटं किती येत असतील ती येत असतील. पिशवी वाचायला दहा मिनिटं लागतात, नवी चाचणी लिहायला दहा सेकंद. त्यांनी स्वतःची दहा मिनिटं वाचवली आणि त्या वाचलेल्या मिनिटांची किंमत आत्याच्या कनवटीतून गेली, तिच्या दंडातून सिरिंजभर रक्त गेलं, प्रयोगशाळेतलं रसायन गेलं, आणि लाल-पिवळ्या पिशव्यांत पडायला आणखी थोडा कचरा तयार झाला. त्या पिशव्यांसमोर आत्या केळीची साल हातात धरून बराच वेळ उभी होती. पिवळ्यात रक्ताचे बोळे, लालमध्ये नळ्या आणि प्लॅस्टिक, पांढऱ्या डब्यात सुया, निळ्यात काच, हे 2016च्या नियमांनी ठरवून दिलेलं तक्त्यावर लिहिलं होतं. केळीची साल कुठंच नव्हती. शेवटी तिनं ती पदराला बांधली आणि परांड्याच्या गाईला नेऊन घातली. त्या दिवशी त्या इमारतीतून निघालेल्या वस्तूंपैकी पूर्णपणे सत्कारणी लागलेली बहुधा तेवढीच.

मला वाटायचं, मागचं न बघता पुढचं करायला सांगणं ही गर्दीनं गांजलेल्या आमच्याकडच्या डॉक्टरांची सवय. मग कळलं की विद्वत्तेच्या वरच्या मजल्यावरही हेच चालतं. इयन चाल्मर्स आणि पॉल ग्लॅस्झिऊ या दोघांनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये जगभरच्या वैद्यकीय संशोधनातल्या नासाडीचा हिशेब मांडला होता. रोग्याला नको असलेले प्रश्न विचारण्यात काही जातं. निम्म्याहून जास्त अभ्यास आधी झालेल्या अभ्यासांचा नीट आढावा न घेताच आखले जातात. जे पार पडतात त्यांतले निम्मे पूर्णपणे छापलेच जात नाहीत. छापलेल्यांपैकी पुष्कळांत, नेमका उपचार काय केला, हे दुसऱ्याला करून बघता येईल इतकंही लिहिलेलं नसतं. गळतीवर गळती धरली तर त्यांच्या अंदाजानं शंभर रुपयांतले पंच्याऐंशी वाया जातात. हे सगळे लोक अतिशय हुशार, काटेकोर, वेळेचे पक्के. त्यांच्या टेबलावरही एक पिशवी ठेवलेली असते, आधीच्यांनी केलेल्या कामाची, आणि तेही मान वर न करता म्हणतात, नवीन करून आणा.

या हिशेबात आमचा मुलूख उरलेल्या पंधरा रुपयांत येतो, असं म्हणायची मला भारी हौस आहे, आणि ती अगदीच पोकळ नाही. लॅन्सेटमधला तो लेख यायच्या दोन-तीन महिने आधी, एप्रिल 2009 मध्ये, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास छापून आला. त्यातली खेडी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली होती आणि काम उभं राहिलं होतं कुर्डुवाडीपासून जेमतेम 35 किलोमीटरवरच्या बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधारानं. तिथले डॉ. भगवान नेने, डॉ. कस्तुरी जयंत, टाटा रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन अशी मंडळी त्यात होती. प्रश्न रोग्याच्या कामाचा होता: गर्भाशयमुखाचा कॅन्सर वेळेत पकडायचा तर खेड्यातल्या बाईची कोणती तपासणी करावी? आणि प्रश्न विचारण्यात एक खेडवळ शहाणपणही होतं, की बाई पुन्हा पुन्हा येणार नाही, एकदाच येईल, असं धरून सांगा. तिशी ते साठीच्या मधल्या 1 लाख 31 हजारांवर बायका, चार गट. एका गटाची एचपीव्ही चाचणी, एकाची पेशींची, एकाची सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे आपलं व्हिनेगर, लावून नुसत्या डोळ्यांनी, आणि एक गट तुलनेसाठी. आठेक वर्षांनी पाहिलं तर एचपीव्हीच्या गटात या कॅन्सरनं 34 बायका दगावल्या होत्या, आणि तुलनेच्या, किंचित लहान असलेल्या गटात 64. आयुष्यात एकदा केलेली एक चाचणी, आणि मृत्यू जवळजवळ निम्मे.

त्या 64 जणींपाशी मी नेहमी अडतो. त्यांच्या गटाला ‘नेहमीची व्यवस्था’ मिळाली, आणि खेड्यात नेहमीची व्यवस्था म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे. अशी तुलना करावी का, यावर पुढे जगात बरीच टीका झाली, आणि ती अस्थानी होती असं मला म्हणता येत नाही. तो अभ्यास अत्यंत काटकसरीचा होता, आणि त्या काटकसरीत हा एक आकडा असा आहे की जमेला धरावा तर हात थरथरतो आणि खर्ची टाकावा तरी.

पण मला खरं कुतूहल आहे ते त्याच्याही आधीच्या दिवसांचं. बार्शीत 1987 साली कॅन्सरची नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली 346 गावं त्यात. भारतातली ही पहिली ग्रामीण नोंदवही. शहरात अशी नोंदवही रुग्णालयांच्या कपाटांतून भरता येते. इथं कपाटंच नव्हती. माणूस घरात आजारी पडायचा, घरात झिजायचा आणि ‘म्हातारपणानं गेला’ एवढ्यावर संपायचा, मग वय काही का असेना. तेव्हा नोंदवहीच्या लोकांनी गावोगाव जायचं ठरवलं. सरपंच, शिक्षक, दाई, ज्यांना गावातलं आतलं-बाहेरचं ठाऊक असतं त्यांना भेटायचं, कुणाला गाठ आहे का, कुणाच्या अंगावरून जातंय का, हे विचारायचं.

आता आमच्या भागात पहिल्याच भेटीत कुणी कुणाला असलं विचारत नाही. आधी पाऊस विचारावा लागतो. मग ज्वारी. मग तुम्ही कुठले, तुमचं आडनाव तेच का, मग आमच्या भूमच्या पाहुण्यांना ओळखत असाल. तेवढ्यात चहा येतो, आणि तो बशीत ओतून निवेपर्यंत विषय निघत नाही. मी काही तिथं नव्हतो; पण सोलापूर-मराठवाड्याच्या त्या शिवेवर याहून वेगळ्या रीतीनं बाईमाणसाच्या दुखण्याची गोष्ट निघाली असेल, यावर माझा विश्वास बसणार नाही. ओनोसाहेबांचा एखादा शिष्य स्टॉपवॉच घेऊन पाराशेजारी उभा असता, तर त्यानं वहीत काय लिहिलं असतं? तीन तास, नोंदी एक, उरलेला वेळ चहा. शिफारस: चहा बंद.

आणि चहा बंद झाला असता तर ती एक नोंदही झाली नसती. एवढंच नव्हे. नोंदी जमवायला गेलेली ही माणसं जाताजाता आजाराची लक्षणंही सांगत होती, आणि काही वर्षांत असं दिसलं की गर्भाशयमुखाचा कॅन्सर घेऊन येणाऱ्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या आहेत. नवं यंत्र आलं नव्हतं, नवं औषध आलं नव्हतं. फक्त बोलणं झालं होतं. पुढे चाचणीसाठी हजारो बायका घराबाहेर पडल्या, त्या काय नुसत्या पत्रक वाचून पडल्या असतील? संशोधनाच्या खर्चात प्रवास असतो, लेखनसामग्री असते, रसायनं असतात. पारावरचा चहा कोणत्या खात्यात धरायचा हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. माझा अंदाज आहे, तो यजमानांनीच पाजला असणार, म्हणजे तो कुठल्याच खात्यात नाही.

म्हणून कार्यक्षमतेची भाषा ऐकली की मी जरा सावध होतो, पण तिच्याशी माझं वैर नाही. आत्याचं रक्त दुसऱ्यांदा काढणं ही उधळपट्टीच होती, आणि ती थांबवायलाच हवी. आता चौदा आकडी आभा क्रमांक आला आहे. सगळे अहवाल म्हणे त्याला जोडले जातील आणि कुठल्याही गावच्या डॉक्टरला फोनवर दिसतील. नातवानं आत्याचंही कार्ड काढून दिलं. तिनं ते दोन्ही बाजूंनी निरखलं आणि हरवू नये म्हणून त्याच पिशवीत, कुंकवाच्या पुडीशेजारी ठेवून दिलं.

मागच्या खेपेला ती दवाखान्यात गेली तेव्हा तिथं एक शिकाऊ पोरगी होती, पांढऱ्या कोटाच्या बाह्या दुमडलेली. त्या दिवशी गर्दी कमी होती की पोरीला अजून घाई करायचं शिकवलं नव्हतं, देव जाणे. तिनं पिशवी सरळ टेबलावर उपडी केली, कागद तारखेनं लावले, जुने खाली, नवे वर, आणि लावता लावता विचारत गेली: “हे कधीचं आज्जी? तेव्हा काय होत होतं?” शेवटी लिहून आणलेल्या चार चाचण्यांतल्या तीन तिनं मोठ्या डॉक्टरांना दाखवून खोडल्या. आत्या बाहेर आली ती वाचलेल्या पैशांबद्दल बोललीच नाही. समोरच्या बाकावर एक बाई तशीच फुगलेली पिशवी घेऊन बसली होती. आत्या तिच्याशेजारी टेकली, कुठल्या गावच्या, लेकरं किती, पाऊस कसा काय, हे सगळं यथासांग झालं, आणि मग तिनं हात पुढे केला.

“आण ती पिशवी हिकडं. आधी तारखा बगायच्या असत्यात. तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय?”

गाडीची वेळ होत आली होती. मी तसं म्हणालो तर मला म्हणाली, “थांब की जरा. हिच्या मागं अजून दोगी हायेत.”