पेंटरचा चेला

पेंटरचा चेला नांदेड-लातूर पट्ट्यात नववी-दहावीत तयार होतो. शासकीय रेखाकला परीक्षेत इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला ७ गुण वाढतात. लातुरात अर्ध्या गुणासाठी शिकवण्या लावल्या जातात, तिथे ७ गुणांसाठी बाप पोराला रंगपेटी हसत घेऊन देतो. निकाल लागला की घरच्यांच्या लेखी चित्रकला संपते. ज्याला हे कळत नाही तो चेला होतो.

त्याचा गुरू तो वस्ताद. नावापुढे 'आर्ट्स' लावलेली टपरी, एक शिडी आणि वाळक्या रंगाचे डबे, एवढी त्याची अकादमी. चेल्याच्या डोक्यात हुसेन असतात. पंढरपुरात जन्मलेला माणूस मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत जगप्रसिद्ध झाला, मग आपण का नाही? वस्ताद हे आदराने ऐकतो आणि विचारतो, "फुटाला काय घेत होते बे ते?"

पहिलं वर्ष ब्रश धुण्यात आणि शिडी धरण्यात जातं. लातूरच्या चेल्याला भर म्हणून टर्पेंटाइन आणायला धाडतात. १९१७ साली आखलेल्या गंजगोलाई या बाजारचौकाला १६ रस्ते मिळतात. नवा चेला परतताना उरलेले १५ आधी पाहून घेतो. मग निळीची दोरी ताणून रेघ मारणं, मग वस्तादाने काढलेल्या अक्षरांत रंग भरणं. नांदेडला पाटी देवनागरी, उर्दू, गुरुमुखी अशा तिन्ही लिप्यांत निघते. वस्तादाला त्यातली एकच वाचता येते, पण तिन्हींचं वळण त्याच्या हातात असतं. चेला उर्दूची भरणी डावीकडून सुरू करतो आणि त्या दिवशी त्याला चहा मिळत नाही.

स्वतंत्र कलाकृतीचा मान शेवटी येतो तो 'येथे लघवी करू नये' या मजकुराने. चेला त्याखाली झोकदार सही करतो. वस्ताद ती पुसून दुकानाचा फोन नंबर टाकतो. वरकमाई नंबरप्लेटची. 4141 मधून 'दादा' काढणं ही या शाखेतली पदव्युत्तर पातळी होती. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय-सिक्युरिटी प्लेट सक्तीची झाली आणि ती शाखा आटली. पाट्या त्याआधीच फ्लेक्सने खाल्ल्या होत्या.

आता चेला फ्लेक्ससाठी संगणकावर कोरलड्रॉ उघडून बसतो आणि वस्ताद पाठीशी उभा राहतो. 'शुभेच्छुक' मधला छु तो दीर्घच करून घेतो. त्याच्या मते ऱ्हस्वाने शुभेच्छा तोकड्या दिसतात. नेत्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवरची तीस-चाळीस डोकी कापून चिकटवायचं काम चेल्याचं. कुणाचं डोकं केवढं आणि कुणाच्या शेजारी, हे मात्र वस्ताद ठरवतो. या विद्येवर अजून गिऱ्हाईक टिकून असल्यामुळे ती तो चेल्याला शिकवत नाही.