डिकीतला जॅक

"काकू, जरा विरजण द्या. अन् कालचं आमचं ऐकलं का?"

"नाही बाई. सकाळपासून भांडणाचा आवाज तेवढा यायलाय."

"धाकटीच्या डोहाळजेवणाला गंगाखेडला निघालो. पोखर्णीच्या अलीकडं टायर बसलं. डिकी उघडली तर स्टेपनी आहे, पाना आहे, जॅक नाही!"

"चोरीला गेला?"

"चोर घरातलाच. ह्यांनी सुतारकामाच्या टेबलाखाली बसवलाय."

"अगंबाई! कामून?"

"ते राउटर नाही का घरघर करत, फळीच्या काठाला गोलाई मारतं, खाच पाडतं? ते उलटं करून टेबलाखाली टांगलंय. कापणारं बिट तेवढं वर. लाकूड उजवीकडून डावीकडं ढकलायचं."

"मग अडलं कुठं?"

"बिट अर्धा मिलिमीटर वर घ्यायचं म्हणलं की टेबलाखाली मुंडकं घालून बसा. त्यात यंत्र स्प्रिंगचं. सरळ धरलं तर स्प्रिंग मोटर वर उचलती, उलटं केलं की तीच खाली रेटती. वजन बी खाली, स्प्रिंग बी खाली. त्यावर लिफ्ट मिळती विकत. कंदिलाची वात वर घ्यायचो ना, तसं वरून फिरवायचं. पण राउटरपेक्षा लिफ्टच महाग! नाकापेक्षा मोती जड. दुकानदार म्हणला, जर्मनची घ्या. हे म्हणाले, जगात जर्मनी, भारतात परभणी, आपणच करू. अन् केला की जॅकचा उद्योग."

"गाडी उचलणारा जॅक, मोटर नाही उचलायचा का?"

"उचलली हो. पण डुलती. अन् हिशेब लागत नाही. कैचीचा जॅक खाली असला की एका फेरीला जास्त उचलतो, वर गेला की कमी. देव्हाऱ्याच्या एका फळीला खाच आठ मिलिमीटर, दुसरीला नऊ. वर्ष झालं, देव अजून कोनाड्यात."

"मग आता?"

"भाचा आयटीआयला फिटर शिकायलाय, तो रात्री येऊन गेला. म्हणला, मामा, दहा एमएमचा आट्यांचा रॉड घ्या. साध्या आट्याला एका फेरीत दीड मिलिमीटर, वर असो नाहीतर खाली. मोटर डुलू नये म्हणून दोन्हीकडं सरकायला दोन गज. स्प्रिंग काढून टाका. अन् बिट बदलताना आधी प्लग उपसा. माझ्या मते त्या पोराला ह्यांच्यापेक्षा जास्त कळतं."

"ऐकलं का मग त्याचं?"

"जॅक सकाळीच डिकीत गेला, मी उभी राहून टाकायला लावला. पण काकू, त्या रॉडला वरून फिरवायला दांडा पाहिजे, अन् ह्यांचा डोळा तुमच्या जुन्या शिलाई मशीनच्या हातचाकावर आहे. मागायला आले तर सरळ नाही म्हणा."