बसलेला शॉकप उठविण्याचा शास्त्रोक्त विधी

जुनी मोटारसायकल मागच्या अंगाने बसू लागली आहे, ही गोष्ट तिच्या धन्याला सर्वांत शेवटी कळते. शेजाऱ्यांना ती अगोदरच ठाऊक झालेली असते, कारण गाडीचे बूड खाली आणि नाक वर झाल्यामुळे तिचा हेडलाइट रस्ता सोडून समोरच्या माडीवरील दिवाणखान्यात पडू लागतो. सहधर्मचारिणीस ती कळलेली असते, कारण प्रत्येक गतिरोधकावर मडगार्डाला टायर घासल्याचा जो खर्रकन आवाज होतो तो तिच्याच आसनाखाली होतो. आणि कोपऱ्यावरच्या मेस्त्र्याला तर गाडी चौकात वळतानाच उमगलेली असते, परंतु गिऱ्हाइकाने आपण होऊन तक्रार गुदरल्याखेरीज मौन सोडावयाचे नाही, असा त्या व्यवसायाचा दंडक आहे. प्रस्तुत मार्गदर्शन त्या धन्याकरिता आहे; मग त्याच्या पदरी १९८५ साली बाजारात आलेली हीरो होंडा सीडी १०० असो, राजदूत असो, येझदी असो, की वडिलार्जित बुलेट असो. अशी गाडी तो काटकसरीपायी बाळगतो असे तो स्वतः सांगतो, आणि त्या काटकसरीवर वर्षाकाठी किती खर्च होतो याचा हिशेब घरात कोणी मागू नये, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते.

पान्याला हात लावण्यापूर्वी पंचनामा करावा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस जे दोन दांडे उभे असतात, त्यांना ग्रंथभाषेत शॉक ॲब्सॉर्बर आणि गॅरेजभाषेत शॉकप म्हणतात; त्या प्रत्येकात दोन स्वतंत्र अंमलदार नेमलेले असून त्यांची कामे निरनिराळी आहेत, हे ध्यानात न घेतल्यामुळे या देशात अगणित निरपराध शॉकपांना शिक्षा झालेली आहे. भार वाहण्याचे काम स्प्रिंगचे. ती दबून उसळी मारू लागली म्हणजे त्या उसळीला आवर घालणे, एवढेच आतल्या तेलाचे काम. ‘साहेब, तेल सोडलंय, म्हणून गाडी बसली,’ असा जो निवाडा आपल्याला ऐकविला जातो, तो या कारणास्तव अपिलात टिकण्याजोगा नाही. तेल गेले तर गाडी डोलेल, बसणार नाही. स्प्रिंग बसली तर गाडी बसेल, डोलेलच असे नाही. दोन्ही अपराध एकाच वेळी घडलेले असणे मात्र सर्वस्वी शक्य आहे, आणि वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत ते बहुधा घडलेलेच असतात.

तेलाची जबानी घेणे सोपे आहे. आसनावर दोन्ही हातांनी भार देऊन ते एकदम सोडावे. मागचा भाग वर येऊन एका दमात स्थिर झाला तर तेल शाबूत आहे. तो दोन-तीनदा होकारार्थी मान हलवू लागला तर तेलाने राजीनामा दिला असे समजावे. पुराव्यादाखल स्प्रिंगच्या वेढ्यांतून बोट आत घालून मधल्या चकचकीत दांड्याला लावावे. बोटास काळपट, चिकट, धुळीने घट्ट झालेला लेप लागला आणि दांड्याच्या चकाकीवर गंजाचे बारीक टिपके दिसले, तर त्या टिपक्यांनीच ऑइल सील कुरतडली आहे. तेथे नुसती नवी सील बसवणे म्हणजे तिलाही त्याच टिपक्यांच्या हवाली करणे होय.

स्प्रिंगची रुजुवात मोजपट्टीने होते. गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक अधांतरी लोंबू द्यावे, आणि मागच्या ॲक्सलपासून बरोबर वर कॅरिअरच्या एखाद्या बोल्टापर्यंत अंतर मोजावे. नंतर गाडी स्टँडवरून उतरवून स्वाराने तीवर बसावे व दुसऱ्या इसमाने तेच अंतर पुन्हा मोजावे. चाकाची एकंदर चाल तीन इंचांची असेल, तर स्वाराच्या भाराने पाऊण ते एक इंच खर्ची पडणे रास्त. त्याहून बरेच अधिक पडल्यास स्प्रिंग बसली असे खुशाल नोंदवावे. मोजणीच्या वेळी पोट आत ओढून धरण्याची प्रवृत्ती पुष्कळ स्वारांत आढळते, परंतु त्यामुळे वजनात फरक पडत नाही.

स्प्रिंगला दोषी ठरविण्यापूर्वी धन्याची उलटतपासणी होणेही न्यायाला धरून होईल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२८वे कलम चालकाखेरीज एकाच इसमाला मागे बसण्याची मुभा देते. आपल्या कुटुंबवत्सल समाजाने मात्र टाकीवर एक बालक, मध्ये एक बालक आणि पाठीमागे त्यांची माता पिशवीसह, असा त्या कलमाचा उदार अर्थ लावलेला आहे. दुग्धव्यवसायाची कथा निराळीच. ४० लिटरांच्या कॅनमध्ये एकेचाळीस किलोंच्या आसपास दूध मावते. असे दोन कॅन दोन्ही बाजूंस टांगले की ब्याऐंशी किलो झाले, त्यात कॅनचे पत्रे आणि दूधवाला स्वतः मिळवावा. शंभर सीसीच्या गाडीला सारे मिळून साधारण १३० किलोंचा भार पेलावा लागेल, अशा हिशेबाने घडविलेली ती बिचारी स्प्रिंग या जमाखर्चात कायमची खचली, तर तिच्यावर नालायकीचा ठपका ठेवणे उचित नव्हे.

येथे थोडे शास्त्र आवश्यक आहे. रॉबर्ट हूक नामक इंग्रज पंडिताने १६७६ साली स्प्रिंगचा नियम अक्षरांची उलथापालथ करून कोड्याच्या रूपाने छापला आणि त्याचा उलगडा १६७८ साली केला. एवढी गुप्तता आपल्याकडे केवळ लोणच्याच्या मसाल्याबाबत पाळली जाते. नियम असा की, जितका भार वाढवावा तितक्या प्रमाणात स्प्रिंग दबते. आता, वयोमानाने स्प्रिंग मऊ पडते असा जो सार्वत्रिक समज आहे तो निराधार असून पोलादाचा कणखरपणा कायम राहतो, केवळ स्प्रिंगची मूळ लांबी आखूड होते. अपवाद गंजाचा. तारेच्या जाडीच्या चतुर्थ घातावर स्प्रिंगचा ताठपणा अवलंबून असल्यामुळे तार गंजून एकदशांशाने बारीक झाली, तर ताठपणा जवळजवळ एकतृतीयांशाने घटतो. तेव्हा खरवडल्यावर पापुद्रे निघणाऱ्या स्प्रिंगला रंग देऊन तिची अब्रू झाकण्याच्या भरीस पडू नये.

उपायांपैकी पहिला फुकट असल्यामुळे कोणी करीत नाही. पुष्कळ गाड्यांच्या शॉकपावर पायऱ्यापायऱ्यांची एक कडी असते. हूक पान्याने ती वरच्या पायरीवर चढविली की स्प्रिंग आरंभीच थोडी दाबली जाऊन गाडीचे बूड उचलले जाते. ही कडी चिखलाखाली इतकी वर्षे गाडलेली असते की तिचा शोध म्हणजे पुरातत्त्व खात्याचेच काम. ती केरोसीनने भिजवून ठेवावी, छिन्नी-हातोड्याने तिचे कान उडवू नयेत, आणि दोन्ही बाजू एकाच पायरीवर ठेवाव्यात. दुसरा उपाय मेस्त्रीलोकांना विशेष प्रिय: स्प्रिंगखाली पाइपाचा तुकडा किंवा जाड वायसर भरणे. खचलेली लांबी भरून निघावी इतपतच तो तुकडा असेल तर हरकत घेण्यासारखे काही नाही. परंतु उत्साहाच्या भरात दोन-दोन इंच भरती केली की खड्ड्यात स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडतात, आणि तो आघात फिर्यादीच्या कण्याकडे वर्ग होतो.

तिसरा उपाय नवी जोडी. पुण्यात त्यासाठी नाना पेठेची वारी करावी लागते. तेथे ‘कंपनीचा’, ‘ओरिजिनल’ आणि ‘ओरिजिनलसारखा’ अशा तीन प्रती मिळतात व त्यांतील भेद विक्रेत्याच्या चेहऱ्यावरून ओळखावयाचा असतो. एकच शॉकप बदलून निम्मे पैसे वाचविण्याचा मोह आवरावा. एका बाजूस तरणा आणि दुसऱ्या बाजूस पेन्शनर जुंपल्यास वळणावर गाडी कोणाचेच ऐकत नाही. नवी जोडी दुकानात आडवी पडलेली असते व तिच्या तेलात हवा मिसळलेली असते, म्हणून बसविण्यापूर्वी ती उभी धरून आठ-दहा वेळा दाबावी.

प्रत्यक्ष बदलणे हे या सर्व प्रकरणात सर्वांत क्षुल्लक काम आहे. गाडी मेन स्टँडवर घ्यावी, एका वेळी एकच बाजू सोडवावी, म्हणजे दुसरी बाजू चाकाला जागच्या जागी धरून ठेवते. वरचा डोम नट, खालचा बोल्ट, वायसरांचा क्रम, इतकेच. रबरी बुशांना ग्रीस चोपडू नये, रबर फुगते. साबणाच्या पाण्याने ते आत सरकतात. जुन्याच शॉकपाची स्प्रिंग काढावयाची असेल तर मात्र विनोद बाजूस ठेवावा. दाबलेली स्प्रिंग सुटली की ती समोरचे तोंड कोणाचे आहे हे पाहत नाही, म्हणून योग्य प्रेस असणाऱ्या मेस्त्र्याकडेच ते काम सोपवावे. हात घातलाच आहे तर चाक धरून आडवे हलवून पाहावे. ते खडखडले, तर मागचे चाक ज्यात बसते त्या चिमट्याचे बुशही निवृत्तीला आले आहेत.

गाडीची उंची बदलली की चेनचा ताणही बदलतो, तो पुन्हा तपासावा. हेडलाइट खाली आणून समोरच्या माडीस तिचा अंधार परत करावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुरुस्तीची वार्ता निदान महिनाभर आप्तस्वकीयांत फुटू देऊ नये. कारण मागचा भाग उंचावलेला पाहताच ज्यांच्या घरी दळण खोळंबले आहे, पाहुणे स्टेशनावर उतरले आहेत, किंवा १४.२ किलो गॅसचे, टाकीसुद्धा तीस किलोंच्या घरात जाणारे सिलिंडर आणावयाचे आहे, अशा सर्वांना तुमची एकाएकी आठवण होते. त्यांना गाडी मेस्त्र्याकडे दिली आहे असे नम्रपणे सांगावे, आणि सांगतेवेळी ती अंगणात उभी नसेल याची तजवीज अगोदर करावी.