रॉकपोर्टचं लेखापरीक्षण

रॉकपोर्ट शहरात एकही माणूस पायी चालत नाही. फुटपाथ आहेत, पानगळीला लागलेली झाडं आहेत, बंदर आहे, स्टेडियम आहे. पण रस्ता ओलांडणारी आजी नाही, हातगाडी नाही, कुत्रं नाही. मग हे सिग्नल कोणासाठी? आणि एवढं मोठं पोलीस खातं पोसायचं कोणासाठी? त्यांचे पगार कुठल्या लेखाशीर्षाखाली पडतात? माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात गेल्यामुळे मला हे प्रश्न पडतात. भाच्याला पडत नाहीत. "मामा, तू आधी गाडी चालव," एवढंच तो म्हणतो.

रॉकपोर्ट म्हणजे 'नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड' या गेममधलं शहर. व्हँकुव्हरच्या ईए ब्लॅक बॉक्सने तो २००५ साली काढला. सगळं शहर मोकळं, वाटेल तिकडे गाडी घाला, आणि भररस्त्यात बेकायदा शर्यती लावा, असा मामला. कथानक सरळ अफरातफरीचं आहे. आपली निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू एम थ्री जीटीआर रेझर नावाचा एक मवाली आधी बिघडवून ठेवतो. शर्यतीत तिचं तेल गळतं, आपण हरतो आणि गाडी त्याच्या ताब्यात जाते. पुढे त्याच गाडीच्या जोरावर तो शहरातल्या पंधरा नामचीन शर्यतबाजांच्या यादीत पहिला नंबर पटकावतो. आपण पंधराव्यापासून एकेकाला हरवत वर चढायचं आणि आपली मालमत्ता वसूल करायची. एवढी स्वच्छ वसुलीची केस मला उभ्या नोकरीत मिळाली नाही.

सुरुवातीला हातातल्या पैशात एखादी साधीच गाडी परवडते. त्यात फियाट पुंटो दिसली आणि माझा हात तिथेच थांबला. फियाट म्हटलं की आमच्या पिढीला कुर्ल्यात तयार झालेली पद्मिनी आठवते. भाचा म्हणाला, "मामा, पुंटो नको, सगळे हसतील." पण रॉकपोर्टमध्ये हसायला माणूस आहेच कुठे?

या गेमची खरी करामत मला दिसली ती हिशेबात. यादीतल्या पुढच्या माणसाला आव्हान द्यायचं तर नुसत्या शर्यती जिंकून भागत नाही. पोलिसांच्या लेखी आपल्या डोक्यावर ठरावीक रकमेचं इनामही चढलेलं लागतं. ते चढतं पोलिसांच्या गाड्या ठोकल्याने, नाकाबंदी फोडल्याने, पाठलाग लांबवल्याने. शिवाय प्रत्येक पाठलागात सरकारी मालमत्तेचं किती नुकसान केलं, याचा वेगळा आकडा मांडतात, आणि तो एका मर्यादेच्या वर गेला की ती आपली कामगिरी धरली जाते! मी खुर्चीवरच ताठ झालो. सरकारी नुकसानीचा इतका तातडीचा, इतका बिनचूक आकडा मी आयुष्यात पाहिला नव्हता. आमच्याकडे एका पडक्या कुंपणभिंतीचं मूल्यांकन यायचं, तोवर शेजारची भिंत पडलेली असायची.

आणि पोलीस! त्यांच्यासाठीच हा गेम खेळावा. वायरलेसवर त्यांचं आपसातलं बोलणं सतत ऐकू येतं. गाडी कुठली, रंग कोणता, कुठल्या रस्त्याने निघाली, सगळं ते एकमेकांना सांगतात. आपल्या पुंटोचं नाव पोलिसांच्या तोंडून ऐकलं की उगाच छाती फुगते. आधी एकदोन साध्या गाड्या मागे लागतात. मग पारा चढत जातो, तसे नाके लागतात, रस्त्यावर खिळ्यांच्या पट्ट्या पडतात, जाडजूड गाड्या समोरून अंगावर येतात, डोक्यावर हेलिकॉप्टर घरघरतं आणि शेवटी सार्जंट क्रॉस आपली कॉर्व्हेट घेऊन स्वतः हजर होतो. त्या शहरात मनापासून नोकरी करणारा तेवढा एकच माणूस आहे. त्याची गोपनीय अहवालात 'अत्युत्कृष्ट' अशी नोंद व्हायला हवी होती.

या पाठलागातली एक जागा मात्र सांगायलाच हवी. एका डोनटच्या दुकानाच्या छपरावर भलामोठा डोनट बसवलेला आहे. अमेरिकन पोलीस आणि डोनट यांच्या नात्यावर तिकडे फार जुने विनोद चालतात. आपण भरधाव येऊन दुकानाचे खांब उडवायचे आणि निसटायचं. मागे तो डोनट आधी किंचित कलतो, मग गडगडत खाली येतो आणि पाठलागावरच्या गाड्यांचा चुरा करतो. गेम तेवढ्यापुरता वेळ संथ करून हे सगळं आपल्याला नीट दाखवतो. हे बघायला मी भाच्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, स्वयंपाकघरातून बोलावून आणलं. ती म्हणाली, "दादा, ते दुकान कोणाचं होतं रे?" अशाने घरात विनोद टिकत नाही.

आता आक्षेप. पहिला आणि गंभीर आक्षेप प्रतिस्पर्ध्यांवर. तुम्ही कितीही जोरात पळा, ते मागे चिकटलेलेच. गाडीला महागडं इंजिन बसवा, त्यांच्या गाडीला ते फुकटात बसल्यासारखं होतं. चार फेऱ्या निर्दोष चालवाव्यात आणि शेवटच्या वळणावर एका टॅक्सीला जरासं घासावं, की सगळेच्या सगळे सूं करून पुढे. उलट आपण फार मागे पडलो की हेच लोक रेंगाळतात, जणू आपण लघुशंकेला गेलो आहोत. गेमवाले याला रबर बँड म्हणतात. आमच्याकडे याला आकडे जुळवून आणणं म्हणत आणि त्याबद्दल खुलासा मागवत.

दुसरं, ताशी दोनशेच्या वेगाने भिंतीवर आदळलं तरी काचेला तडा आणि रंगाला ओरखडा, यापलीकडे गाडीला काही होत नाही. रेझरने बिघडवली तेव्हा तेवढं तेल गळलं, ते पहिलं आणि शेवटचं.

तिसरा आक्षेप मला जास्त बोचतो. एवढं शहर बांधलं, पण त्यात फिरायची गरजच ठेवली नाही. नकाशा उघडा, शर्यत निवडा, थेट सुरुवातीच्या रेषेवर. याच लोकांचा आदल्या वर्षीचा 'अंडरग्राउंड २' बरोब्बर उलटा. तिथल्या बेव्ह्यू शहरात कायमची रात्र आणि प्रत्येक शर्यतीला स्वतः गाडी हाकत जायचं; पोरं कंटाळायची, पण रस्ते पाठ व्हायचे. इथे रात्र कधी होतच नाही. सदा ते सोनेरी, मळकट ऊन. सहामाही पाहणीसाठी उत्तम, पण राहायला नको.

टोलनाक्यांच्या शर्यतीबद्दल मात्र माझा आक्षेप नाही. एका नाक्यावरून दुसऱ्या नाक्यावर ठरल्या वेळात पोचायचं, एक पैसाही द्यायचा नाही आणि वाचलेला वेळ पुढच्या टप्प्यात जमा. शिल्लक इतक्या प्रामाणिकपणे पुढे ओढलेली पाहून मला गहिवरून आलं. पोलिसांच्या तावडीत सापडलात तर दंड भरावा लागतो आणि गाडीच्या नावावर एक खूण पडते. अशा तीन खुणा झाल्या की गाडी जप्त. यातही पळवाट आहे. गाडीचा रंग आणि रूप बदला, तिच्यावरचा पोलिसांचा राग कमी होतो. एवढं तल्लख खातं, पण रंगारी समोर आला की हरलं.

पुढे २०१२ साली क्रायटेरियन या इंग्लिश कंपनीने याच नावाचा नवा गेम काढला. शहर फेअरहेवन, दिसायला देखणं, आणि गाड्या जागोजागी उभ्या. दिसली की बसा आणि निघा. ना रेझर, ना क्रॉस, ना वसुली. फाइलच नाही म्हटल्यावर मी काय तपासणार?

तेव्हा अहवालाचा निष्कर्ष असा: शर्यतीसाठी घेणार असाल तर दुसरा गेम बघा, पाठलागासाठी घेणार असाल तर हाच घ्या. भाचेमंडळी हमखास २०१२चा लावून देतात. नाव तेच आहे, तेव्हा साल स्वतः वाचून मगच सही करा.